धान आहे, पैसा नाही

खिशातल्या पाचशेच्या नोटा आतच राहू द्या. इथे त्या चालायच्या नाहीत, आणि चालल्या असत्या तरी मोड द्यायला या फलाटावर कुणाकडे तेवढी रोकड नाही. आज बुधवार, ३१ जानेवारी १९३४. तुम्ही चांदा फोर्ट स्टेशनात उभे आहात. चांद्याचं चंद्रपूर व्हायला अजून तीस वर्षं आहेत. गडचिरोली ही या जिल्ह्यातली एक तहसील, आणि जिल्हा नागपूरच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या हाताखाली.

समोर बंगाल-नागपूर रेल्वेची छोटी गाडी वाफ सोडतेय. केळझर, मूल, सिंदेवाही, नागभीड करत ती तुम्हाला ब्रह्मपुरीला नेईल. मोठ्या लाइनीचं स्टेशन शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेट रूळ जुळले आणि ग्रँड ट्रंक एक्सप्रेस थेट दक्षिणेत धावू लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मालाला जायला वाट झाली आणि मालाला गिऱ्हाईक उरलं नाही.

डब्यात बसा. लाकडी बाकावर दाटीवाटी आहे, बोलणं बिहारच्या भूकंपाचं चाललंय. पंधरवडाच झालाय त्याला. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं मात्र तिकडे लक्ष नाही. मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मांडीवर लाल फडक्यात बांधलेले कागद. कागद त्याला वाचता येत नाहीत, पण दर दहा मिनिटांनी तो गाठ चाचपून पाहतो.

"कुठं जी?" तुम्ही विचारता.

"बम्हपुरीले. कर्जाचं मंडळ बसलं म्हंते ना."

खिडकीबाहेर कापलेल्या बांध्या, त्यांत निळी फुलं धरलेली लाखोरी, खळ्यावर धानाची पुंजणी. मधूनच कोहळी लोकांनी बांधलेल्या एखाद्या तलावाची पाळ. हे काही दुष्काळाचं दृश्य नाही. तुम्ही तसं म्हणताच म्हातारा हसतो. "धान झाला जी. भावच नाई झाला."

सगळी गोष्ट या दोन वाक्यांत आली. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता, १९३३ मध्ये तो ८७ वर आला. शेतमालाची घसरण त्याहून मोठी. शेतसारा मात्र रोकड्यातच भरायचा आणि त्याचा आकडा जुनाच. पूर्वी जेवढं धान विकून मालगुजाराचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालकाचं, देणं फिटायचं, त्याच्या जवळपास दुप्पट आता बाजारात न्यावं लागतं. उरलेल्यात वर्ष निघत नाही. मग पेरणीच्या वेळी सावकाराकडून किंवा मालगुजाराच्या कोठीतून धान उचलायचं, सवाईनं नाहीतर दिढीनं. एक खंडी नेली की पीक आल्यावर दीड खंडी परत. नापिकीच्या साली दिढीची रीत अंगावर यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पीक चांगलं आलं तरी माणूस बुडतो, हे मंदीनं पहिल्यांदा दाखवलं.

म्हाताऱ्याच्या बायकोचं डोरलं आणि पुतळ्यांची माळ दोन वर्षांपूर्वी गेली. कुठे गेली, ते त्याला माहीत नाही. तुम्ही सांगू शकता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला दीड शिलिंगच्या दरानं बांधलेलाच राहिला. सोन्याचा भाव वर गेला आणि गावोगावचे दागिने सराफांकडून मुंबईला, मुंबईहून बोटीनं लंडनला निघाले. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. त्याला नावच पडलं, अडचणीचं सोनं.

छोटी गाडी नागभीडला थांबली की लवकर हलत नाही. तेवढ्यात अमेरिका पाहून घ्या.

४ मार्च १९३३, वॉशिंग्टन. ढगाळ, बोचरी थंडी. चौघांतला एक कामकरी बेकार, राज्याराज्यांत बँकांच्या दारांना कुलपं. फ्रँकलिन रूझवेल्ट त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतात आणि दोन दिवसांत देशभरच्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढतात. ९ तारखेला कायदा, १२ ला रविवारी रात्री रेडिओवर साध्या भाषेत लोकांना समजावणं. १३ पासून बँका उघडतात, आणि घाबरून पैसे काढलेले लोक पुन्हा भरायला रांगा लावतात. ५ एप्रिलला हुकूम निघतो: सोनं सरकारात जमा करा, औंसाला २०.६७ डॉलर मिळतील. जमा झाल्यावर भाव वाढवायचा. किती, ते आज ठरतंय. तुम्ही चांद्याहून गाडी पकडलीत त्या ३१ जानेवारीलाच रूझवेल्ट औंसाचा भाव ३५ डॉलर करतात. डॉलर स्वस्त झाला की धान्याच्या, कापसाच्या किमती वर येतील, हा हिशेब. सोनं तिकडेही लोकांच्या घरातूनच गेलं, पण ते देशाच्या तिजोरीत राहिलं.

घाई करा, दोनच ठिकाणं दाखवायची आहेत. पहिलं व्हर्जिनियाच्या जंगलात. १७ एप्रिल १९३३ ला इथे रूझवेल्टच्या रोजगार योजनेची पहिली छावणी उघडली. बिनलग्नाची, बेकार घरांतली अठरा ते पंचवीस वर्षांची पोरं. महिना ३० डॉलर, त्यांतले २५ थेट घरी. झाडं लावायची, वणवे विझवायचे, रस्ते-बांध घालायचे. नऊ वर्षांत सुमारे तीस लाख पोरं या कामावरून गेली. गोऱ्या-काळ्यांच्या छावण्या बहुतेक वेगळ्याच होत्या, तेही दिसू द्या.

दुसरं ठिकाण दक्षिणेतलं कापसाचं शेत, १९३३ चा उन्हाळा. उभं पीक नांगरलं जातंय, आणि नांगरण्याबद्दल सरकार शेतकऱ्याला पैसे देतंय. जवळजवळ एक कोटी एकर कापूस असा मातीत गेला. माल कमी झाला की भाव चढेल. चांद्याकडच्या वरोऱ्याच्या कापूसवाल्याला हे सांगितलंत तर तो तुम्हाला गावाबाहेर काढील. पण तोच वरोरेकर पुढचा प्रश्न बरोबर विचारील: पैसे कुणाच्या हातात पडले? जमीनमालकाच्या. बटाईनं कसणाऱ्याला, त्यातही काळ्या कुळाला, कित्येक ठिकाणी काही मिळालं नाही, उलट पीक कमी झालं म्हणून घर सोडावं लागलं. १९३४ मध्ये आर्कान्सॉत कुळांनी आपली संघटना काढली ती यामुळेच. रूझवेल्टच्या नावानं गहिवरणाऱ्यांनी हे पान उलटून पाहावं.

चला, ब्रह्मपुरी आलं.

म्हातारा ज्या कायद्यापुढे उभा राहणार आहे तो नागपूरचा आहे. मध्यप्रांत कर्ज समेट कायदा, साल तेच, १९३३. अशा तऱ्हेचा कायदा करण्यात हा प्रांत सगळ्यांच्या पुढे होता. मद्रास, बंगाल, पंजाब मागून आले. मंडळं सरकारनं एकदम सगळीकडे नाही, एकेक करून बसवली. आज ते इथे बसलंय असं धरून चला, आणि म्हाताऱ्याचा हिशेबही नमुन्याचाच धरा. तसे हजारो होते.

टेबलामागे अध्यक्ष आणि सभासद. खाली सतरंजीवर धनको, ऋणको, त्यांचे वकील नसलेले मेहुणे. लाल फडकं सुटतं. कारकून यादी वाचतो. सावकाराचं येणं ५२० रुपये. मालगुजाराचं धानाच्या दिढीचं, रुपयांत मांडून, १८०. एका कापडवाल्याचं ४०.

"कापडवाले आले?"

आलेले नाहीत. त्यांनी मुदतीत आपल्या येण्याचं निवेदनही दिलेलं नाही. अध्यक्ष मान न उचलता सांगतात की ते ४० रुपये फिटले असं कायदा समजतो. सतरंजीवर चुळबुळ होते. म्हाताऱ्याला कळलेलंच नाही, शेजारचा त्याच्या कानात ओरडतो, "सुटले तुये चाळीस!"

आता सावकाराची वही. कोपरे खाल्लेली, काळ्या शाईची. मूळ रक्कम १९२६ ची, २०० रुपये, बैलजोडी आणि मुलीचं लग्न. व्याजावर व्याज चढत ५२० झालं. मध्ये तीन वेळा मिळून काही रुपये आलेत, ते "व्याजी जमा". अध्यक्ष बोट ठेवतात. "हे कधी आले?" सावकार सांगतो. "आणि हे?" सावकार थांबतो. "हे कोणत्या व्याजात धरले?" सावकार वहीकडे पाहतो, छताकडे पाहतो. एवढी वर्षं या वहीला कुणी बाहेरचा प्रश्न विचारला नव्हता.

बोलाचाली दुपारपर्यंत चालते. सावकार काही राक्षस नाही. त्याचाही पैसा अडकलाय, जमीन लिलावात काढली तर ती घ्यायला कुणाकडे रोकड नाही, आणि पडक्या भावात घेतलेल्या जमिनीला कसणार कोण? शेवटी ५२० चे ३०० होतात, वर्षाला २५ प्रमाणे बारा हप्त्यांत. कायद्याची मेख अशी की ज्यांचं मिळून एकंदर कर्जाच्या ४० टक्के येणं आहे असे धनको राजी झाले तर समेट लिहिता येतो. दाखल कर्ज ७०० रुपये, त्यातले ५२० सावकाराचे. एकट्याच्या होकारानं काम झालं.

मालगुजाराचा मुनीम मात्र अडून बसतो. एक पायलीही सोडणार नाही म्हणतो. अध्यक्ष त्याला नमवू शकत नाहीत. ते फक्त म्हाताऱ्याला एक दाखला देऊ शकतात: याने वाजवी देऊ केलं होतं, धनकोनं नाकारलं. हा दाखला असला की कोर्टात गेलेल्या धनकोला दाव्याचा खर्च मिळत नाही आणि त्यापुढचं व्याज सरळ सहा टक्क्यांच्या वर चढत नाही. मुनीम कागद उलटसुलट पाहतो. दिढीच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला सहा टक्के म्हणजे अपमान.

अंगठा उठतो. म्हातारा शाई धोतराला पुसतो. बाहेर पारावर तुम्ही त्याला विचारता, बरं झालं ना?

"झालं तं खरं. पन रोवण्याले बिजाई कोन देईल आता?"

हा प्रश्न मंडळाच्या कागदात कुठेच नाही. समेट झालेल्या कुळाला नवं कर्ज द्यायला सावकार कचरतो आणि सहकारी पतपेढ्या स्वतःच थकबाकीत रुतल्यात. दुसरं म्हणजे, हप्ता चुकला तर वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी, म्हणजे तहसिलीतून. आतापर्यंत सावकाराचा माणूस दारात यायचा, उद्या सरकारचा येईल. धानाचा भाव चढला तर २५ रुपये हलके, आणखी पडला तर तेच डोंगराएवढे.

नागपूरकरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्या सचिवालयात त्या दशकात महसूल आणि अर्थखात्याचे कागद चिंतामणराव देशमुखांसारख्या अधिकाऱ्यांच्या हातून जात होते. हेच देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला बसले. अक्कल होती, किल्ली नव्हती. रुपयाचा दर लंडनमध्ये ठरायचा. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगानं दीड शिलिंगचा दर सुचवला तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी एक शिलिंग चार पेन्सच ठेवा म्हणून वेगळं मत नोंदवलं. हिशेब सोपा आहे. परदेशात मालाचे १४४ पेन्स आले तर जुन्या दरानं त्याचे ९ रुपये होतात, नव्यानं ८. तो नववा रुपया वरोऱ्याच्या कापूसवाल्याचा होता. १९३१ मध्ये तर खुद्द व्हाइसरॉय विलिंग्डन आणि त्यांच्या कार्यकारी मंडळानं रुपया पौंडापासून सोडवा म्हणून राजीनाम्याची भाषा केली. लंडननं दाद दिली नाही.

म्हणून रूझवेल्टनं चलनालाच हात घातला आणि नागपूरनं वहीला. अमेरिकी सरकार शेतकऱ्याला म्हणू शकलं, हे घे पैसे. इथलं सरकार सावकाराला म्हणू शकलं, जरा समजुतीनं घ्या. इथे मंदीवरचा मुख्य उपाय होता काटकसर: सरकारी पगारांत दहा टक्के कपात, कामं बंद. न्यायानं बोलायचं तर रूझवेल्टनंही पहिल्याच महिन्यात पगार कापले होते, पण दुसऱ्या हातानं त्याहून जास्त वाटले. तेवढ्यावरून अमेरिकी शेतकरी शांत बसला होता असंही समजू नका. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातल्या ल मार्स गावी शेतकऱ्यांनी जप्तीचे हुकूम देणाऱ्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून काढलं आणि गळ्यात दोर अडकवला. जीव वाचला त्याचा. आपल्याकडे लोक त्याआधीच राखीव जंगलात घुसले होते. वर्धा नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात पुसदला, जुलै १९३० मध्ये सत्याग्रही बापूजी अणे गवत कापून तुरुंगात गेले.

जंगल निघालंच आहे, तर वैनगंगा ओलांडा. गडचिरोली तहसील, पुढे धानोरा, मुरूमगाव, खाली अहेरी. इथे समेट मंडळाला फारसं काम नसतं, कारण वहीत नाव लागण्याइतकीही इथल्या गोंड-माडियाची पत नाही. मोहफूल, टोरी, थोडं धान. जमीनदार, अंमलदार, ठेकेदार येईल त्याची वेठ. आलापल्लीच्या सागाला दूरवर भाव आहे, तो तोडणाऱ्या हाताला नाही. व्हर्जिनियाची छावणी इथे आणून ठेवावी असं तुमच्या मनात आलंच असेल. झाडं होती, वणवे होते, रिकामी पोरं होती. महिन्याचे तीस डॉलर नव्हते. नव्या संविधानाखाली १९३६ मध्ये अहेरी आणि गडचिरोली तहसिलीतल्या पंधरा जमीनदाऱ्या "अंशतः वगळलेला प्रदेश" ठरल्या, म्हणजे गव्हर्नरानं लागू केल्याशिवाय नवा कायदा इथे पोचायचा नाही. हेतू जपणुकीचा होता. १९४० नंतर ग्रिगसन नावाच्या अधिकाऱ्यानं प्रांतभरच्या आदिवासींची पाहणी केली, तेव्हा वेठ आणि सावकारी या दोन्हींचा पाढा त्याला लिहावा लागलाच.

पुढची वर्षं भराभर पाहा, थांबायचं कारण नाही. १९३७ मध्ये ना. भा. खरे मुख्यमंत्री, १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा नवा कायदा, मग लढाई आली आणि धानाला आपोआप भाव आला. मंडळांनी जे केलं नाही ते महागाईनं केलं; कर्ज फिटलं, खायला मात्र विकत घेणाऱ्यांचे हाल झाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले, नावाला "माजी मालगुजारी" हे शेपूट लागलं आणि गाळ काढणारा धनी उरला नाही.

आता १९७२. महाराष्ट्रात दुष्काळ. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सात वर्षं आधी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिलेली कल्पना राज्यभर आली: मागेल त्याला काम. १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. खर्चाला शहरातल्या पगारदारांवर व्यवसायकर. मुंबईतल्या बाबूच्या पगारातून कापलेले रुपये खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात. रूझवेल्टलाही एवढं जमलं नव्हतं; त्याची कामं सरकारची मर्जी होती, मागणाऱ्याचा हक्क नव्हता. चांद्याला १९३४ मध्ये हाती रोकड देण्याचा जो अर्धा भाग मिळाला नव्हता तो असा पंचेचाळीस वर्षांनी आला, आणि आला तो दुष्काळाच्या नावानं, मंदीच्या नव्हे.

शेवटचा थांबा २००६ नंतरचा एक उन्हाळा. २ फेब्रुवारी २००६ ला केंद्राची रोजगार हमी सुरू झाली. पहिल्या २०० जिल्ह्यांच्या यादीत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही आहेत. सिंदेवाहीकडच्या एका माजी मालगुजारी तलावात गाळ निघतोय. पाळीवर हजेरीपट घेऊन रोजगार सेवक, खाली डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया. कायद्यात लिहिलंय, मजुरी पंधरा दिवसांच्या आत. घमेलं रिकामं करून वर आलेल्या बाईला तुम्ही विचारता, पैसे वेळेवर मिळतात का?

"खात्यात येते जी," ती पदर खोचत म्हणते. "कवा येते, ते खात्यालेच मालूम."